परीक्षा ज्ञानाची की डोळ्यांची?

(द्वितीय वर्ष, कला)

अंध माणूस संगणक चालवतो असे सांगितले की ऐकणारे बहुतेक जण दोहोंपैकी एक गोष्ट करतात. काहींना ते खरेच वाटत नाही. काहींना ते इतके अद्भुत वाटते की 'कमाल आहे हो!' एवढे म्हणून ते मोकळे होतात आणि पुढे काही विचारावे असे त्यांना सुचतच नाही. या दोन्ही प्रकारच्या मंडळींसाठी मी हा लेख लिहीत आहे. कारण त्यात कमाल वगैरे काही नसून तो केवळ सरावाचा भाग आहे. खरी अडचण संगणक चालवण्यात नाहीच. तो चालवता येतो हे सिद्ध करण्यात आहे. संगणकाच्या क्षेत्रात नोकरी हवी तर प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेच्या दारातच अंध उमेदवार पुष्कळदा अडतो. तो का अडतो, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. मग या विषयावर लिहिण्याचा अधिकार काय, असे एखादे सर विचारतील. अधिकार एवढाच की गेले दीड वर्ष मी अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षांना बसते, त्यांना पुस्तके वाचून दाखवते, आणि त्या निमित्ताने जे पाहिले-ऐकले त्याच्या मागे लागून थोडेफार वाचनही केले आहे.

प्रथम साधन कसे चालते ते पाहू. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. हा प्रोग्राम आपल्यासारखा पडद्याकडे पाहत नाही. पडद्यावर जे दिसते त्याची एक यादी संगणकाच्या पोटात तयार असते: येथे शीर्षक आहे, येथे बटण आहे, बटणावर 'पुढे' असे लिहिले आहे, येथे उत्तर लिहावयाची चौकट आहे. स्क्रीन रीडर ही यादी मागून घेतो आणि कृत्रिम आवाजात म्हणून दाखवतो. अंध माणसाला माऊसचा उपयोग नसतो, कारण बाण कोठे आहे ते त्याला दिसत नाही. तो सगळे काम कीबोर्डवर करतो. एक कळ दाबली की पुढचे बटण, दुसरी दाबली की पुढचे शीर्षक, बाणाची कळ दाबली की एकेक अक्षर. स्वल्पविराम, कंस, मोकळी जागा, सारे काही तो ऐकू शकतो. सरावलेला माणूस हा आवाज इतक्या वेगाने लावतो की आपल्याला ते मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखे वाटते. मी तो प्रथम ऐकला तेव्हा कोणती भाषा चालली आहे हेच मला कळेना. ती मराठी होती.

मेख आहे ती त्या यादीत. यादीत नाव असेल तरच स्क्रीन रीडर ते वाचणार. ज्याने पान तयार केले त्याने बटणाला नाव दिलेले नसेल, तर ऐकू येते ते नुसते 'बटण, बटण, बटण'. चित्राखाली त्याचे वर्णन लिहिलेले नसेल, तर ऐकू येते 'चित्र'. त्या चित्रात ताजमहाल आहे की परीक्षेचा प्रश्न आहे, हे त्या बिचाऱ्या प्रोग्रामला काय ठाऊक!

अंध माणसे या क्षेत्रात अलीकडे आली असाही एक समज आहे. तो खरा नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात थिओडोर स्टर्लिंग यांनी अंध तरुणांना प्रोग्रामिंग शिकविण्याचे काम हाती घेतले होते. त्या काळी संगणकाचे उत्तर बहुधा कागदावर छापून येत असे. छापणाऱ्या यंत्रातील पूर्णविरामाचा ठसा कागदावर जोराने उमटवून ब्रेलचे उठावदार ठिपके काढण्याची युक्तीही तेव्हा निघाली. पुढे पडदे आले, पण त्यांवर अक्षरेच असत. आणि अक्षरे वाचून दाखवणे यंत्राला फारसे जड नाही. मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेणारे टेड हेन्टर १९७८ साली अपघातात अंध झाले. त्यांच्या कंपनीने १९८९ साली 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर बाजारात आणला. नेमक्या त्याच सुमारास, १९९० साली, 'विंडोज'ची तिसरी आवृत्ती आली आणि सगळीकडे चित्रे, खिडक्या आणि माऊस यांचे राज्य सुरू झाले. डोळसांना संगणक सोपा झाला, आणि त्याच कारणाने तो अंधांना अवघड झाला. 'जॉज'ची विंडोजवर चालणारी आवृत्ती यायला १९९५ साल उजाडावे लागले. तीही विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी नव्हती. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. तो त्यांनी सर्वांना विनामूल्य देऊन टाकला. आज आपल्याकडचे अंध विद्यार्थी जो वापरतात तो बहुधा हाच.

आणि आपल्या पुण्याचे टी. व्ही. रामन! १९६५ साली पुण्यात जन्मलेल्या या गृहस्थांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून पदवी घेतली ती गणितातील बी.ए.ची. (आपल्या वर्गातल्या ज्या मंडळींना बी.ए. म्हणजे हताश झालेल्यांचा मुक्काम वाटतो त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) पुढे मुंबईची आय.आय.टी. आणि मग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ. १९९४ साली त्यांनी पीएच.डी.साठी जो प्रबंध सादर केला तो गणिताची अवघड सूत्रे आवाजातून कशी ऐकवता येतील याविषयी होता, आणि त्याला संगणकशास्त्रातील उत्कृष्ट प्रबंधाचा मानाचा पुरस्कार मिळाला. २००५ पासून ते 'गूगल'मध्ये काम करू लागले. तेव्हा अंध माणसाला हे काम जमेल का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे.

आता प्रमाणपत्राकडे वळू. आपल्याला माहीत असलेले प्रमाणपत्र म्हणजे एमएससीआयटी. २००१ सालापासून महाराष्ट्रात ते घरोघरी पोहोचले आहे आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातीत त्याची अट आपण वाचतोच. परंतु त्याच्या पुढे एक निराळे जग आहे. संगणकांची जाळी बांधणे, ती सांभाळणे, प्रोग्राम तपासून त्यातील दोष काढणे अशा एकेका कामासाठी मोठ्या कंपन्या आणि व्यावसायिक संस्था परीक्षा घेतात. या परीक्षेस पदवी लागतेच असे नाही. बी.ए. झालेला, बी.कॉम. झालेला, किंवा काहीच न झालेला उमेदवारही ती देऊ शकतो. उत्तीर्ण झाला तर त्याच्या हाती जो कागद पडतो त्याला कंपनीच्या दारात किंमत असते.

या कागदाची किंमत माझ्यासारखीला जरा जास्तच कळते. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली मी पहिली. ज्यांच्या नात्यात कोणी साहेब आहे त्यांच्यासाठी कोणीतरी शब्द टाकतो. आमच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही; जे काय बोलावयाचे ते त्या कागदानेच बोलावयाचे. अंध उमेदवाराचे तर याहून कठीण. मुलाखतीत डोळस माणसाला 'काम येते का?' असे विचारतात, अंधाला मात्र 'काम कसे करणार?' असे विचारतात. येते की नाही इथपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. अशा वेळी डोळसांच्याच परीक्षेत, डोळसांच्याच गुणांनी मिळवलेला कागद समोर ठेवणे हा त्याच्यापाशी असलेला सर्वांत चांगला जबाब असतो. म्हणूनच या परीक्षेचे दार बंद असणे ही नुसती गैरसोय नव्हे.

हे दार बंद होते कसे? कोणी दुष्टपणाने करते असे मला वाटत नाही. परीक्षा घेणाऱ्यांना चोरीची भीती असते. प्रश्न बाहेर फुटू नयेत, उमेदवाराने दुसरीकडून उत्तर आणू नये, यासाठी परीक्षेच्या संगणकावर एक कुलूपबंद प्रोग्राम चालवतात. परीक्षा चालू असेपर्यंत दुसरा कोणताही प्रोग्राम तो उघडू देत नाही. आता स्क्रीन रीडर हा दुसराच प्रोग्राम नव्हे काय? शिवाय पडद्यावरचे सगळे ऐकून घेणे हेच त्याचे काम, म्हणजे पहारेकऱ्याच्या दृष्टीने तो हेर ठरतो. कोठे कोठे तर प्रश्नाचा मजकूर कोणाला उचलून नेता येऊ नये म्हणून अक्षरांचेच चित्र करून दाखवतात. आधी सांगितलेली ती पोटातली यादी मग रिकामीच राहते. ज्या साधनाने माणूस रोज अभ्यास करतो आणि उद्या नोकरीत काम करणार आहे, ते साधन मधल्या दोन-तीन तासांपुरते त्याच्याकडून काढून घेतले जाते.

त्याऐवजी काय देतात? वाचक देतात किंवा लेखनिक देतात. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षेत ही पद्धत चालून जाते हे मी अनुभवाने सांगते. राज्यशास्त्राचा प्रश्न मी वाचते, परीक्षार्थी उत्तर सांगतो, मी लिहिते. शुद्धलेखनाच्या चुका माझ्या नावावर, विचार त्याचे. परंतु तांत्रिक परीक्षेत ही गाडी कशी अडते ते सांगावयास हवे.

आमच्याच महाविद्यालयातून काही वर्षांपूर्वी बी.ए. झालेले एक अंध विद्यार्थी आहेत. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. त्यांनी एका खाजगी संस्थेचा संगणक-जाळ्यांचा अभ्यासक्रम घरी बसून, स्क्रीन रीडरवर पूर्ण केला. परीक्षेला मात्र स्क्रीन रीडर चालणार नाही, लेखनिक आणा, असे उत्तर आले. लेखनिक त्या विषयाचा जाणकार असता कामा नये, हीही अट होती. त्या अटीत मी तंतोतंत बसत होते! लेखी प्रश्न सुरळीत पार पडले. मग एक आकृती आली. काही चौकोन, काही गोल, त्यांना जोडणाऱ्या रेषा, रेषांवर आकडे. खाली प्रश्न असा की या जाळ्यात बिघाड कोठे आहे. मी सांगावयास सुरुवात केली, "दादा, डावीकडे एक गोल आहे, त्यातून तीन रेषा निघतात..." तोच पर्यवेक्षक म्हणाले, "ताई, समजावून सांगायचं नाही. जे लिहिलंय तेवढंच वाचायचं."

आकृतीत लिहिलेले असे होतेच काय? दहा-बारा आकडे. ते मी वाचले. दादांनी दोनदा ऐकले आणि म्हणाले, "पुढचा घे."

पर्यवेक्षकांचे चुकले असे मी म्हणणार नाही; त्यांच्या हाती नियम होता. घोळ नियमातच आहे. ज्या लेखनिकाला विषय कळत नाही त्याला आकृतीत महत्त्वाचे काय हे कळत नाही. त्या गोलाला राउटर म्हणतात हेसुद्धा मला त्या दिवशी माहीत नव्हते. ज्याला विषय कळतो त्याला तेथे बसू देत नाहीत. आणि जो बसतो त्याने केवळ लिहिलेले वाचावयाचे, तर चित्रात लिहिलेले नसते. प्रोग्रामच्या ओळी वाचावयाच्या असल्या तर आणखीच फजिती. महिरपी कंस, चौकोनी कंस, अर्धविराम, ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या चार जागा, हे सगळे तोंडाने कसे म्हणावयाचे? पायथॉन नावाच्या संगणकभाषेत तर ओळ किती आत सरकवली आहे यावर अर्थ बदलतो. स्क्रीन रीडरला सांगून ठेवले की तो न चुकता आणि न कंटाळता हे म्हणतो. मी दहाव्या ओळीला थकते, आणि 'परत म्हण' असे सतरा वेळा सांगावयाचा दादांना संकोच वाटतो. यंत्रापाशी संकोच नसतो.

दादांच्या निकालात लेखी भागाचे गुण चांगले होते, आकृत्यांचे शून्य. थोडक्यात प्रमाणपत्र गेले.

येथे मला जी गोष्ट सर्वांत विचित्र वाटली ती अशी. संगणकांची जाळी सांभाळणारा माणूस प्रत्यक्ष कामावर करतो काय? तो राउटरला आज्ञा देतो, आणि त्या आज्ञा बहुतांशी कीबोर्डवर टाइप करावयाच्या असतात. राउटर उत्तर देतो तेही अक्षरांत आणि आकड्यांत. म्हणजे ते काम मुळातच मजकुराचे आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला याहून सोयीचे काम शोधून सापडावयाचे नाही. आकृती काढतात ती शिकवणाऱ्याच्या आणि परीक्षकाच्या सोयीसाठी. काम अंध माणसाला जमण्याजोगे, पण त्याची परीक्षा मात्र न जमण्याजोगी, असा हा उलटा प्रकार आहे.

हे केवळ माझे तर्कट नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात, २०००च्या दशकाच्या प्रारंभी, कर्टिन विद्यापीठाचे इयन मरे आणि तेथील अंधांची संस्था यांनी मिळून दृष्टिहीनांसाठी 'सिस्को'च्या अभ्यासक्रमाची एक अकादमी सुरू केली. सिस्को ही राउटर बनवणारी प्रसिद्ध कंपनी. तिच्या प्रमाणपत्रांना जगभर मान आहे. सरावाचे जे सॉफ्टवेअर होते ते चित्रांचे, माऊसने ओढाओढ करावयाचे. तेव्हा कर्टिनमध्ये मजकुरावर चालणारे दुसरे सॉफ्टवेअर तयार करण्यात आले. आकृत्यांची वर्णने लिहिली गेली. शिकवणारेही पुढे दृष्टिहीनच झाले, म्हणजे त्याच वर्गातून शिकून बाहेर पडलेले. विषय तोच ठेवून केवळ त्याचा वेष बदलला, तर अंध विद्यार्थी तो शिकतात आणि शिकवतातही, हे तेथे दिसून आले.

आकृतीचे वर्णन मजकुरात देता येते का, अशी शंका कोणी काढील. जाळ्याची आकृती म्हणजे शेवटी कोण कोणाला जोडलेला आहे याची यादी असते. 'पहिला राउटर दुसऱ्या स्विचला जोडलेला आहे, त्या जोडणीचा क्रमांक अमुक' अशी आठ-दहा वाक्ये लिहिली की आकृती संपली. उत्तर फुटत नाही, प्रश्न सोपाही होत नाही. उलट सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. जेथे खरोखरच डोळे लागतात अशी कामे नाहीत असे मात्र मी म्हणत नाही. जाळ्याच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात आणि त्या रंगांच्या ठरलेल्या क्रमाने लावाव्या लागतात. तेथे रंग दिसलेच पाहिजेत. पण त्या एका कामासाठी सगळ्या परीक्षेचेच दार लावून घेणे योग्य आहे काय?

काही परीक्षा घेणारे अशा वेळी आकृतीचा प्रश्न वगळून बाकीच्यांवर गुण काढावयास तयार होतात. ऐकावयास हे दयाळूपणाचे वाटते. दादांना ते मुळीच पसंत नाही. त्यांचे म्हणणे, "मला वगळलेला प्रश्न नको, वाचता येईल असा प्रश्न हवा. उद्या साहेब म्हणेल, याला आकृतीचा प्रश्न माफ होता." मला त्यांचे म्हणणे पटते. सवलत आणि संधी यांत आपण फार गोंधळ करतो.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न गेलेला आहे. अमेरिकेत स्टेफनी एन्यार्ट या दृष्टिहीन तरुणीने कायद्याची पदवी घेतली. वकिलीची परीक्षा देताना आपल्याला संगणकावर स्क्रीन रीडर आणि अक्षरे मोठी करून दाखवणारा प्रोग्राम, दोन्ही एकत्र वापरू द्यावेत, अशी तिची मागणी होती. परीक्षेचा एक भाग तयार करणाऱ्या संस्थेने ती नाकारली. वाचक देऊ, ध्वनिमुद्रण देऊ, ब्रेल देऊ, पण संगणक नाही. कारण तेच, प्रश्न फुटण्याचे. परवाना आणि प्रमाणपत्र यांच्या परीक्षा अपंग व्यक्तींना देता येतील अशा प्रकारे घ्याव्यात, असे अमेरिकेच्या १९९०च्या कायद्यात आहे. जानेवारी २०११ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. त्या निर्णयाचा आशय असा की, काहीतरी सोय दिली एवढ्याने भागत नाही. परीक्षेत उमेदवाराचे अपंगत्व न मोजले जाता त्याची योग्यताच मोजली जाईल, अशी उत्तम खात्री देणारी सोय असली पाहिजे. आणि साधने सुधारत जातात, तेव्हा कालची सोय आज पुरेशी असेलच असे नाही. वकिलीच्या परीक्षेचे हे प्रकरण संगणकाच्या परीक्षेला जसेच्या तसे लागू पडते असे मला वाटते.

आपल्याकडे काय आहे? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची तरतूद त्यात आहे. २०१८ साली केंद्र सरकारने लेखी परीक्षांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांत तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ तर होताच, पण आणखी एक फारसे कोणाला माहीत नसलेले कलम होते. संगणकावर परीक्षा द्यावयाची असेल तर उमेदवाराला आदल्या दिवशी येऊन ते यंत्र तपासून पाहू द्यावे, म्हणजे काही अडचण असल्यास ती दूर करता येईल. किती साधी आणि शहाणपणाची गोष्ट! उमेदवाराने स्वतःचा संगणक आणू नये हेही तेथेच सांगितले होते. म्हणजे चोरीच्या भीतीला उत्तर मिळाले आणि साधनही मिळाले. यंत्र परीक्षाकेंद्राचे, स्क्रीन रीडरही त्यांनीच बसवलेला, आणि तपासणी आदल्या दिवशी. या सूचना सार्वजनिक परीक्षांसाठी होत्या. खाजगी आणि परदेशी संस्थांच्या प्रमाणपत्रांना त्या कितपत बांधतात, येथे गाडे अडते.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र अलीकडे बरीच वाट मोकळी केली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात न्यायालयाने लेखनिकाचा हक्क मान्य करताना, प्रत्येक व्यक्तीची गरज पाहून सोय केली पाहिजे हे तत्त्व विस्ताराने मांडले. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात तर डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. ते प्रकरण बँका आणि मोबाईल यांसाठी ओळख पटवून देण्याचे होते: कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे यंत्र म्हणते, आणि ॲसिड हल्ल्यात जिचे डोळे गेले तिने ती कशी करावी? त्याच सुमारास एका अंध याचिकाकर्त्याचे गाऱ्हाणेही न्यायालयाने ऐकले.

मी हे प्रकरण मुद्दाम सांगितले. आजकाल प्रमाणपत्राच्या पुष्कळ परीक्षा घरबसल्या होतात आणि कॅमेरा पहारा करतो. चेहरा चौकटीच्या मध्यभागी धरा, खोली फिरवून दाखवा, नजर पडद्यावरून हलवू नका, कानाला काही लावू नका. अंध उमेदवाराची नजर पडद्यावर नसतेच. काहींची बुबुळे आपोआप हलत राहतात. पहारेकऱ्याला तो इकडेतिकडे पाहतो असे वाटले तर नवल नाही. आणि कानाला काही न लावता त्याने प्रश्न ऐकावा कसा?

आता आपल्या अंगणातला एक प्रश्न. अंध विद्यार्थी कला शाखेतच का दिसतात, याचा कधी विचार केला आहे का? आवड म्हणून येतात तसेच दुसरीकडे घेतले नाही म्हणूनही येतात. आंध्र प्रदेशातील श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेश मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले. तेच पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकले आणि हैदराबादेत परतून उद्योजक झाले. प्रत्येकाला न्यायालयात जाणे परवडत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी जे केंद्र चालते तसे केंद्र प्रत्येक गावी नाही. मग मुलगा गणित सोडतो, कला शाखेत येतो, आणि बी.ए. झाल्यावर उमजते की पदवी न पाहणारे असे एक क्षेत्र अजून शिल्लक आहे. हे दार उशिरा सापडलेले असते. म्हणून ते बंद आढळले की जास्त लागते.

दादांनी पुढच्या खेपेसाठी त्या संस्थेला अर्ज लिहिला आहे. केंद्राच्या यंत्रावर स्क्रीन रीडर बसवावा, आदल्या दिवशी ते तपासू द्यावे, आणि आकृत्यांची वर्णने विषयाच्या जाणकाराकडून आधी लिहून घ्यावीत, अशा तीन मागण्या त्यांत आहेत. मसुदा त्यांचा, टाइपही त्यांनीच केला. मी फक्त एकदा वाचून पाहिला, त्यात चूक सापडली नाही. उत्तर अद्याप यावयाचे आहे.

आपल्या महाविद्यालयापुरते सांगावयाचे तर ग्रंथालयाशेजारच्या संगणक कक्षातील दोन यंत्रांवर दिवाळीनंतर एनव्हीडीए बसवण्यात आला आहे. सरांनी परवानगी दिल्यावर तो बसवावयास दहा-पंधरा मिनिटे लागली, पैसा एकही लागला नाही. प्रथम वर्षाचे दोन विद्यार्थी तेथे रोज येतात. डोळस विद्यार्थ्यांनाही येण्यास मनाई नाही. पडदा बंद करून, माऊस बाजूला ठेवून, नुसत्या कानाने महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचे वेळापत्रक शोधून पाहावे. मी पाहिले, अकरा मिनिटे लागली, आणि वेळापत्रक जेथे आहे तेथे नुसते 'चित्र' असे ऐकू आले. सरांना ते सांगितले आहे. कक्ष दुपारी तीननंतर उघडा असतो; इयरफोन मात्र आपापला आणावा लागतो.